परक्या भाषेचा परका मास्तर



आजच्या व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी पत्राने कळवला, ‘उन्हाळी इंग्रजी वर्ग आणि परदेशी शिक्षक’. तो वाचून आमच्या मनात प्रथम आले ते हे की, ऐन वैशाखात आपल्या या मुलखात यायला बाहेरदेशचा माणूस तयार होणे हीच मोठी गोष्ट आहे. पारा चाळिशीच्या वर चढतो, दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही, आणि त्याने मुलांना कविता म्हणायला लावायची! पण विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गावात असा विचार चालू आहे म्हणे की, सुटीत महिनाभर मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग भरवावा, त्यासाठी एखादा परदेशी तरुण आणावा, आणि खर्चाला वर्गणी करावी. वर्गणी म्हणजे तुमच्या घामाचा पैसा. तो खिशातून काढण्यापूर्वी या गोष्टीची नीट पारख व्हावी, एवढ्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे तिचे लोण महाराष्ट्रभर पसरले. म्हणजे आपण इथे जमलो आहोत तेही एका परीने उन्हाळी शिबिरच. मोठ्या माणसांनी सुटीत चार शहाणपणाचे शब्द ऐकावेत असे आपल्याला वाटते, तर मुलांनीही काही शिकावे असे वाटण्यात गैर ते काय? तेव्हा शिबिराच्या कल्पनेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

इंग्रजीच्या ओढीला नावे ठेवणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी शाळेत शिकून केव्हाच मार्गी लागलेली असतात! या भागातल्या माणसाला ही ओढ का वाटते, ते समजून घ्यायचे तर थोडे मागे पाहिले पाहिजे. तुमच्या केदारेश्वराचे देऊळ ज्या चालुक्यांच्या काळातले, त्यांचे लेख कानडीत आणि संस्कृतात. इथून जवळच अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी ब्रह्मज्ञान मराठीत आणले. पण राज्याचा कागद मराठीत यायला फार वेळ लागला. निजामाच्या अमलात दरबारची भाषा आधी फारसी होती, मग उर्दू झाली. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. शेतकऱ्याचा कागद वाचणारा गावात एखादाच, आणि त्याने जे वाचून दाखवले तेच खरे, अशी स्थिती इथल्या कितीतरी पिढ्यांनी भोगली. ज्या भाषेत सत्ता बोलते ती आपल्या पोराला यावी, ही इच्छा त्या अनुभवातून आलेली आहे. आज ती जागा इंग्रजीने घेतली आहे, एवढाच फरक.

१९४८ साली निजामी राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. जुन्या मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवीत असत. पुढे ते पाचवीवर आले, आणि २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे पंचवीस वर्षे झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल पहिल्या दिवसापासून इंग्रजी अक्षरे गिरवते आहे. आणि तरी दहावी झालेल्या मुलाला कोणी इंग्रजीत नाव-गाव विचारले तर तो चपलेकडे पाहू लागतो. शब्द त्याच्याजवळ नाहीत असे म्हणावे, तर तेही खरे नाही. मोटार, स्टार्टर, पंप, टायर, ट्रॅक्टर, बिल, तिकीट, इंजेक्शन, रेशनकार्ड, असे शेदीडशे शब्द तो रोज बोलतो. व्याकरणही त्याने पाठ केलेले असते. मग अडते कुठे? तोंड उघडण्यात अडते. चुकले तर हसतील ही भीती, आणि बोलायलाच पाहिजे अशी गरज कधी पडत नाही हे दुसरे कारण. मास्तर मराठी, मुले मराठी. पाणी प्यायला जाऊ का हे इंग्रजीत विचारायचे म्हणजे नाटकच की हो!

परदेशी शिक्षकाची बाजू इथे थोडी बळकट होते, हे मान्य केले पाहिजे. त्याला मराठी येत नाही. त्याच्याशी बोलायचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. जी गरज आपण वर्षानुवर्षे वर्गात निर्माण करू शकलो नाही, ती तो नुसता दारात उभा राहून निर्माण करतो.

पण तेवढ्याने भागत नाही. दोन-तीन ठिकाणच्या अशा वर्गांत आम्ही दुभाष्याचे काम केले आहे, तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. पाहुणा पहिल्या दिवशी उत्साहाने येतो, गाणे म्हणतो, उड्या मारतो. मुले खूश. तो विचारतो, समजले का? पन्नास मुले एका सुरात ‘येस सर’ म्हणतात. तो विचारतो, सकाळी काय खाल्ले? पन्नास मुले पुन्हा ‘येस सर’. त्याला वाटते मुले त्याची थट्टा करताहेत. मुलांना वाटते मास्तरांना उत्तर आवडले नाही. आपण होकार देताना मान जी डुलवतो, तिचा अर्थ हो की नाही, हे त्या बिचाऱ्याला आठवडाभर कळत नाही. एक पोरगा पेन मागत होता, आणि पाहुण्याला ऐकू येत होते ‘बेन’. कारण इंग्रज माणूस शब्दाच्या आरंभीचा ‘प’ उच्चारताना हवेचा झोत सोडतो, आपल्या ‘फ’च्या जवळ जाईल असा; आपला कोरडा ‘प’ त्याच्या कानाला ‘ब’ वाटतो. आता ही गोष्ट मुलाला समजावून कोण सांगणार? पाहुण्याला आपला ‘प’ आणि ‘फ’ हा भेदच ठाऊक नसतो. तीच गत शब्दामागच्या त्या छोट्या ‘ए’ आणि ‘द’ची. ‘मुलगा आला’ आणि ‘एक मुलगा आला’ यांत आपण जो फरक करतो, तिथून धागा धरून शिकवले तर पोर चटकन समजते. पण तो धागा मराठी मास्तराच्याच हाती असतो. परदेशी माणूस इंग्रजी बोलतो म्हणून त्याला ते शिकवताही येते, हा समज काढून टाकला पाहिजे. आपण सगळे मराठी बोलतो. उद्या एखाद्या जपानी माणसाने आपल्याला विचारले की ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ असे का, तर आपल्यातले किती जण सांगू शकतील?

एके ठिकाणी तर वर्गापेक्षा छायाचित्रांनाच जास्त वेळ गेला. पाहुण्याला फेटा बांधला, शाल दिली, मोठा फलक लागला, आणि जूनमध्ये त्या संस्थेने शुल्क वाढवले. पाहुणा मार्गी लागला, मुले होती तिथेच राहिली. गोऱ्या माणसाचे आपल्याला अजूनही जे अप्रूप आहे, त्याचा हा बाजार आहे. त्या बिचाऱ्या तरुणाला तो फलक वाचताही येत नव्हता.

आता दुसरी बाजू. त्याच सुमारास एका वर्गात आम्ही जे पाहिले ते आमच्या मनातून जात नाही. आठ दिवस झाले होते. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली एक मुलगी मागे बसे, एक अक्षर बोलत नसे. पाहुण्याला तहान लागली, आणि त्याने आमच्याकडून शिकलेला शब्द वापरला, ‘पानी’. ती मुलगी मागून हळूच म्हणाली, ‘पाणी’. त्याने पुन्हा ‘पानी’च म्हटले. मुले हसली. तोही हसला, आणि तिला म्हणाला, शिकव. मग तिने त्याला उभे केले, आणि ‘ण’ म्हणायला लावला; तो येईना तेव्हा ‘ळ’ काढला, बाळ, काळ, फळ. त्याची जीभ वळेना. तो दमून खाली बसू लागला, तेव्हा ही पोर ताठ उभी राहून म्हणाली, ‘नो! अगेन!’ आठ दिवसांतला तिचा हा पहिला इंग्रजी शब्द. त्या दिवसापासून वर्ग बदलला. मोठा माणूस, मास्तर, परदेशातून आलेला, आणि तोही दुसऱ्याची भाषा बोलताना चुकतो, लोक हसतात, तरी त्याचे काही बिघडत नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. आमच्या मते परदेशी शिक्षकापासून आपल्या मुलांना जे मिळण्यासारखे आहे ते हेच. त्याच्या चांगल्या इंग्रजीपेक्षा त्याचे तुटके मराठी जास्त उपयोगी पडते. पण ते बोलायची त्याची तयारी पाहिजे, आणि आपणही ते त्याच्याकडून मागितले पाहिजे.

हे आम्ही एका वर्गावरून म्हणत नाही. जुनी उदाहरणे पाहा. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ साली मिशनच्या कामासाठी मुंबईत उतरल्या, १८३९ पासून आपल्या शेजारच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहिल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. त्यांच्या धर्मप्रचाराबद्दल कोणाचे काय मत असेल ते असो. पण त्या मराठी शिकल्या, आणि मुलींच्या शाळा त्यांनी मराठीत चालवल्या. पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीराव फुले यांनी नगरची ती शाळा पाहिली होती. पुण्याच्या त्या शाळेने पुढे काय घडवले, ते तुम्हांला आम्ही सांगायला नको.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या जुन्या राजधानीशीच जोडलेले आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६१ साली हैदराबादला आल्या त्या इंग्रजी शिकवायला, विवेकवर्धिनी महाविद्यालयात. मराठी माणसांनी हैदराबादेत चालवलेली ती संस्था. तिथे त्यांना मराठीची गोडी लागली. मायदेशी परतून त्यांनी भाषाशास्त्र घेतले, १९६६ साली फलटणला आल्या, आणि फलटणच्या लोकांची बोली जातीजातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे कशी बदलते यावर प्रबंध लिहिला. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. त्याच सुमारास त्यांनी काय केले म्हणाल? इंग्रजीचे वर्ग काढले? नाही. शाळा सुटलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना जमवून मराठी लिहाय-वाचायला शिकवायला सुरुवात केली. पुढे १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा निघाली. (ज्या कमलाबाईंचे नाव शाळेला आहे, त्याही जन्माने अमेरिकन, हाही एक योगायोग.) इंग्रजी शिकवायला आलेली, इंग्रजी जिची मातृभाषा, ती बाई खेड्यातल्या मुलांत वर्षानुवर्षे राहून या निर्णयाला आली की, पोराला आधी त्याच्या भाषेत धड वाचता आले पाहिजे. आपल्या गावात इंग्रजी माध्यमाची पाटी लावण्यापूर्वी तिचा हा निर्णय दोनदा विचारात घ्यावा, असे आम्हांला वाटते. तिला तर इंग्रजीचा काही दुस्वास नव्हता!

आता कोणी म्हणेल, ही सगळी आयुष्य वेचणारी माणसे. आपला पाहुणा तर महिन्याचा. बरोबर आहे. महिन्यात काय राहील आणि काय वाहून जाईल, याचा हिशेब केला पाहिजे. १९५९ च्या सुमारास मद्रास राज्यात एक मोठी मोहीम झाली होती. इंग्रजी शिकवण्याची नवी पद्धत तज्ज्ञांनी थोड्या शिक्षकांना शिकवायची, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना, असे करत सुमारे २७,००० प्राथमिक शिक्षकांपर्यंत न्यायचे. तिला ‘हिमगोळा’ असे नाव पडले, कारण हिमाचा गोळा घरंगळताना मोठा होत जातो. थंड देशातल्या माणसाला सुचलेली उपमा! आपल्या उन्हात तो गोळा घरंगळताना लहान होत जातो. तिसऱ्या-चौथ्या हाताला पोहोचेपर्यंत पद्धतीचे फक्त नाव उरते. म्हणून आमचा आग्रह असा की, पाहुणा वर्गात असेल त्या प्रत्येक तासाला गावातला शिक्षक त्याच्या शेजारी उभा असला पाहिजे. टाळ्या वाजवायला नव्हे. ‘प’ आणि ‘फ’ समजवायला, आणि जूनमध्ये वर्ग पुढे चालवायला. असा शिक्षक मिळत नसेल तर पाहुणा बोलावू नये. महिनाभराची करमणूक होईल, आणि तेवढ्यासाठी तमाशाचा फड स्वस्त पडतो.

काय शिकवावे, याबद्दल एक सांगतो. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू या भारतीय अभ्यासकाने बंगलोरच्या बाजूला साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे कोडी ठेवली. गाड्यांचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब. उत्तर शोधण्यात मन गुंतले की भाषेची भीती मागे पडते आणि भाषा आत उतरते, असे त्यांचे म्हणणे. जगभरच्या इंग्रजी शिक्षकांनी पुढे हा विचार उचलला. आपल्याला तर साहित्य दूरून आणायला नको. परळीच्या स्टेशनवरचे वेळापत्रक आहे. आठवडी बाजाराचे भाव आहेत. आणि तुमचा किल्ला आहे, केदारेश्वर आहे. पाहुण्याला देवळात न्यावे, आणि भिंतीवरची एकेक मूर्ती मुलांनी त्याला समजावून द्यावी, येईल त्या इंग्रजीत. तो खरोखरच काही जाणत नसतो. त्याच्या प्रश्नात नाटक नसते. आपल्या गावाची माहिती परक्याला देणारा मुलगा चपलेकडे पाहत नाही.

आता पैशाची आणि कायद्याची बाजू, थोडक्यात. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला इथे पगारी काम करता येत नाही. नोकरीचा व्हिसा हवा तर पगाराची किमान मर्यादा इतकी मोठी आहे की, आपल्या वर्गणीत ती बसायची नाही. आणि मौज अशी की, इतर भाषांच्या शिक्षकांना त्या मर्यादेतून सूट आहे, इंग्रजीच्या शिक्षकाला नाही. मात्र महिनाभरापर्यंत, कसलाही मोबदला न घेता सेवा करायला पर्यटकांच्या ई-व्हिसावर मुभा आहे. तो ज्याच्या घरी उतरेल त्याने चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायचे असते. हे नियम बदलत असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी पोलिसांच्या परदेशी नोंदणी कक्षात विचारून घ्यावे. तेव्हा पगारासाठी वर्गणी जमवण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि विमानाचे तिकीट आपण काढावे, हे आम्हांला मुळीच पसंत नाही. ज्याला यायची इच्छा आहे त्याने आपल्या पैशाने यावे. आपण त्याला भाकरी, पाणी आणि सावली द्यावी. वर्गणी करायचीच तर ती गोष्टींच्या पुस्तकांसाठी करा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पाहुणा गेल्यावर ती इथेच राहतील.

शेवटचा मुद्दा वर्गात बसवायचे कोणाला. वर्ग निघाला की पहिल्या बाकावर कोण येणार हे आम्हांला माहीत आहे. शिक्षकांची मुले, दुकानदारांची मुले, आणि आमच्यासारख्या व्याख्यात्यांची नातवंडे. त्यांनी यावे, पण हा बीड जिल्हा आहे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीने निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाचटाच्या कोपीत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले हंगामी वसतिगृहामुळे गावी राहतात, ती सोय चांगली आहे. पण जी बरोबर जातात, त्यांतली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत फडाच्या कडेला बसते, आणि तिची शाळा कोयत्याबरोबर हिंडते. या मुलांना वर्षभर जे मिळाले नाही ते देण्याची वेळ सुटीचीच, कारण तेव्हाच ती घरी असतात. शहरात उन्हाळी शिबिर म्हणजे हौस असते. आपल्याकडे ते काही मुलांचे अर्धे शालेय वर्ष आहे. म्हणून निम्म्या जागा त्यांच्या, आणि दिवसातला पहिला तास मराठी वाचनाचा, अशी अट असेल तर आमची पाच आण्यांची वर्गणी सगळ्यांत आधी लिहून घ्या.

वेळ सकाळी सातची ठेवावी, दहाच्या आत मुले घरी पोहोचली पाहिजेत. दहा दहांच्या टोळ्या करा, पन्नासांचा कळप नको. आणि जून उजाडला की आठवड्याला एक तास त्याच शिक्षकाने, त्याच मुलांसाठी चालू ठेवावा. जून ते दसरा, म्हणजे चार महिने हातात आहेत. शेजारी उभे राहायला जे शिक्षक तयार असतील, त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नावे द्यावीत. चार नावे आली तर पाहुण्याला पत्र लिहायला हरकत नाही.